वांजोळी खोऱ्यातला शेवटचा फवारा

हवा दिसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या घोडेसड्यावर यावं. चहा मिळेलच असं सांगत नाही, कारण आमचा कॅन्टीनवाला लहरी आहे. पण हवा मात्र दाखवू. नुसती हवा नाही, त्या हवेत खालून कोण कोण काय काय सोडतंय तेही दाखवू.

मी स्वप्नाली देवकर. या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, हवामापन केंद्रात काम करते. सड्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली सगळं वांजोळी खोरं दिसतं: नदी, ऊस, भाताची खाचरं, आणि मधोमध वांजोळी गाव. माझं जन्मगाव. आभाळ स्वच्छ असलं तर बाजारपेठेतल्या एका पत्र्याच्या छपरावर ऊन चमकताना दिसतं. ती माझ्या वडिलांची, हिंदुराव देवकरांची, पिठाची गिरणी. कामावर जाता-येता मी ते छप्पर रोज बघायची आणि मान फिरवायची. कारण आमचा तीन वर्षं अबोला होता.

अबोल्याचं कारण सांगण्यासारखं आहे. आबांना दमा आहे, आणि तो गिरणीनंच दिलेला आहे. जन्मभर उडणारं पीठ छातीत जात राहिलं की दुसरं काय होणार? आई गेल्यावर मी त्यांना म्हटलं, गिरणी बंद करा आणि वर माझ्याकडे राहायला चला. हे मी दहा गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, हे खरं. तेही चढ्या आवाजात म्हटलं, हेही खरं. पण म्हटलं ते चूक नव्हतं, आणि आजही मी शब्द मागे घेणार नाही. आबांनी डबा खाली ठेवला, म्हणाले, "गिरनी बंद तर मी बंद," आणि त्यानंतर माझा फोन उचलणं सोडून दिलं. देवकरांच्या घराण्यात जमीनजुमला कमी, पण हट्ट भरपूर. माझ्या वाट्याचा मीही घेतलेला आहे.

आता यंत्राबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यानं घडवलं.

आमच्याकडे आहे तो प्रकाशाचा कंगवा. साध्या लेसरमधून एकाच रंगाचा प्रकाश निघतो. आमच्या लेसरमधून एकाच वेळी लाखो रंग निघतात, सगळे डोळ्यांना न दिसणारे, आणि शेजारच्या दोन रंगांमधलं अंतर सगळीकडे तंतोतंत सारखं. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. हा कंगवा आम्ही खोऱ्यावरून फिरवतो. समोरच्या डोंगरांवर आरसे बसवलेत. किरण जातो, आरशावरून परततो, आणि वाटेत जो वायू भेटेल तो आपापल्या आवडीचे दात खातो. मिथेनचे दात वेगळे, नायट्रस ऑक्साइडचे वेगळे, फ्रिजमधल्या वायूचे वेगळे. परत आलेल्या कंगव्याचे कुठले दात झिजलेत ते पाहिलं की वाटेत कोण होतं ते कळतं. मग वाऱ्याचं गणित उलट्या बाजूनं सोडवायचं, की तो कुठून आला तेही कळतं.

पूर्वीच्या यंत्रांना मोठी पाइपलाइन गळली तरच दिसायचं. प्रकाशाची स्वतःची अशी एक कुजबुज असते, ती बारीकसारीक खुणा बुडवून टाकते. ती कुजबुज दाबण्याची युक्ती सापडली आणि सगळं पालटलं. आता एखाद्या घरातला एकटा फ्रिज गळत असला तरी इथे बसून दिसतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी पडद्यावर गोठे पाहिले. म्हशी रवंथ करायला बसल्या की गावाच्या कडेनं मिथेनचे छोटे छोटे ढग वर यायला लागायचे. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. ज्या हवेत मी लहानाची मोठी झाले ती मला तेव्हा पहिल्यांदा भेटली.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तापमानवाढीचं सगळं खापर कार्बन डायऑक्साइडवर फुटतं, आणि ते बरोबरच आहे. पण फ्रिज-एसीमधले थंडावा देणारे वायू तसे साळसूद नव्हेत. त्यातला एक किलो हवेत सुटला तर हजार-दीड हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट एवढीच, की हे वायू थांबवता येतात, आणि थांबवले की काही वर्षांत हवा सुधारायला लागते. म्हणून सरकारनं वांजोळी खोरं निवडलं. दूधसंघाच्या शीतटाक्या, दुकानांतले एसी, घराघरांतले फ्रिज, सगळे बदलले. नव्यांत निरुपद्रवी वायू आला. देशातलं पहिलं असं खोरं करायचं, जिथून या जुन्या वायूंची नवी भर शून्य. जगाच्या हवेत जुना साठा आहेच, तो विरायला वेळ लागेल. पण आपण त्यात आणखी टाकायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

खरंच सगळं थांबत आलं. पडद्यावरचे ठिपके महिन्यामहिन्याला विझत गेले. शेवटी एकच उरला.

आमच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं उंदीर. रोज सकाळी ऊन चढलं, डोंगराचे उतार तापले आणि वारा खोऱ्यातून वर चढायला लागला, की तो यायचा. एवढासा उंचवटा. दिसला न दिसला असा. जुन्या गाड्यांच्या एसीत असायचा तोच वायू. पण गाड्या तर केव्हाच गेल्या होत्या.

"आला का गं उंदीर?" आमच्या केंद्रप्रमुख डॉ. शबाना मुजावर रोज विचारायच्या.

"आला, मॅडम."

"एकदा पिंजरा लाव त्याला. तुझंच गाव आहे ना ते?"

मी मोठ्या उत्साहानं पिंजरा लावायला बसले. गणितानं बाजारपेठेतली एक गल्ली दाखवली. शाळा, मारुतीचं देऊळ, चार दुकानं, गिरणी. मग मी तो उंचवटा मोठा करून पाहिला. तो एक नव्हता, दोन होते. पहिला टोकदार, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, पसरट आणि मऊ.

हे दोन उंचवटे मी ओळखत होते.

दम्याच्या जुन्या पंपातलं औषध बाहेर ढकलायला हाच वायू असतो, हे मला माहीत होतं; खोऱ्यातल्या बाकीच्या दमेकऱ्यांना पंप केव्हाच बदलून मिळाले होते. आणि पंप अशा रीतीनं घेणारा माणूस खोऱ्यात एकच होता. गिरणी सुरू करताना आबा पहिली मूठ धान्य आपल्या पदरचं दगडांना देतात, मग गिऱ्हाइकाचा डबा घेतात. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. दमा जडला आणि पंप आला, तेव्हा आबांनी त्यालाही तीच रीत लावली. पहिला फवारा हवेत, मग दुसरा छातीत. आई चिडायची, औषध काय देवाला वाहायचं असतं का म्हणून. आबा म्हणायचे, "मशीन हाय न्हवं? मशीनला पैलं द्यायचं." टोकदार उंचवटा म्हणजे यंत्राचा वाटा. पसरट उंचवटा म्हणजे माझ्या वडिलांचा उच्छ्वास.

माझा फोन न उचलणारा माणूस तिथे खाली श्वास घेत होता, आणि तो श्वास डोंगर चढून माझ्यापर्यंत आला होता.

त्यानंतर माझी सकाळ त्या दोन उंचवट्यांनी सुरू व्हायला लागली. थंडीत ते दिवसातून दोनदा-तीनदा दिसायचे, तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा. सोमवारी सगळ्या बाजारपेठेलाच सुट्टी, म्हणून त्या दिवसाचं शून्य मॅडम धरत नसत. गिरणीही बंद, आबा पंपाला हातच लावत नाहीत, मग मला चैन पडायची नाही. हा वायू हवेत चौदा-पंधरा वर्षं टिकतो. महिन्याभरात पृथ्वीला वळसा घालतो, वर्षभरात विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला पोचतो. आबा कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेले नाहीत. पण त्यांच्या छातीतून निघालेली हवा समुद्र ओलांडून गेली होती, बर्फावरून फिरली होती, आणि आबा वांजोळीत ज्वारी दळत बसले होते. हे मनात आलं की मला भोवळ आल्यासारखं व्हायचं. पृथ्वीची हवा एवढी एकच आहे, आणि त्यात प्रत्येकाचा श्वास असा मिसळून उरतो, हे मी पुस्तकात हजारदा वाचलं होतं. ते खरं असतं हे मला आबांमुळे कळलं.

मॅडमना मी काही बोलले नाही. खोटंही बोलले नाही. गल्ली दाखवली आणि म्हटलं, याहून बारीक नेम साधत नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? आरोग्यसेविका सुरेखाताई आबांकडे गेल्या असत्या. जुना पंप घेऊन भुकटीवाला दिला असता. भुकटीचा पंप जोरानं ओढावा लागतो, आणि आबांच्या छातीत तेवढा जोर उरलेला नाही. शिवाय जन्मभर पीठ ओढलेल्या माणसाला औषधही पिठाचंच द्यायचं म्हणजे अतीच झालं. हे कारण चांगलं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. नव्या वायूचा पंपही निघाला होता. तो वायू हवेत सुटला की काही दिवसांतच मोडून जातो, त्याची कुणाला झळ नाही, आणि ओढायलाही जोर लागत नाही. पण आमच्या कंगव्याला त्या वायूचे दातच नाहीत. तो पंप आला की आबा माझ्या पडद्यावरून पुसले जाणार होते. मला ते नको होतं. एवढंच.

मग तो गुरुवार आला. वांजोळीचा आठवडी बाजार, गिरणीला सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस. ऊन चढलं. वारा वर यायला लागला. मी पडद्यासमोर बसले.

उंदीर आला नाही.

मी वारा तपासला. वारा होता. आरसे तपासले, लेसर तपासला. सगळं ठाकठीक. गोठे दिसत होते, खाचरं दिसत होती. फक्त जुन्या वायूची रेघ सरळ होती, अगदी परातीतल्या पाण्यासारखी सपाट.

"शून्य!" माझ्या मागून डॉ. मुजावर ओरडल्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "अरे, बघताय काय सगळे? शून्य!"

लोक खुर्च्या सोडून धावले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. लहरी कॅन्टीनवाला पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "स्वप्नाली, आपल्या देशात थंडावा करायची यंत्रं आली तेव्हापासून एवढी स्वच्छ बाजाराची सकाळ या खोऱ्यानं पाहिली नसेल."

त्यांचं बरोबर होतं. मीही ती रेघ पाहत होते, आणि ती सुंदर होती. एवढं मोठं खोरं, एवढी माणसं, एवढी यंत्रं, आणि वर काहीही नाही. माणसानं एखादी गोष्ट बिघडवून परत नीट केली असं किती वेळा होतं? छाती भरून यावी असं ते दृश्य होतं, आणि माझी छाती भीतीनं आवळली होती.

मी बाहेर येऊन आबांना फोन लावला. वाजत राहिला. तो एरवीही वाजतच राहायचा, पण आज त्याचा अर्थ वेगळा होता. सुरेखाताईंना लावला, तर त्या साताऱ्याला प्रशिक्षणाला गेलेल्या, फोन बंद. पेढा माझ्या मुठीत तसाच होता. तो तसाच घेऊन मी गाडीवर बसले.

घाट कसा उतरले ते आठवत नाही. फक्त एवढं आठवतं, की मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते. असं न सांगता जायचं असतं का? एवढा हट्ट? माझ्याशी एक शब्द न बोलता?

गल्लीच्या तोंडाशी आले आणि पट्ट्याचा फटफट आवाज ऐकू आला. गिरणी चालू होती. पण गिरणी कुणीही चालवू शकतं. बायकांच्या रांगेतून अंग चोरत मी दारात पोचले.

आत पिठाच्या धुरळ्यात एक पांढरा माणूस पाठमोरा उभा होता. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, टोपी मूळचीच पांढरी. वळून न बघताच तो म्हणाला, "डबा ठिवा. नंबरानं घ्यायचं. मदी घुसायचं न्हाई."

"आबा," मी म्हटलं.

ते वळले. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काय करावं? भर बाजाराच्या दिवशी पट्टा उतरवला. दगड घरघरत थांबले. बाहेर एकच कालवा झाला.

"लेक आलीया माझी," ते बाहेर बघून खेकसले. "जरा दम काढा की!"

मी भिंतीला टेकले. "तुम्ही आज पंप घेतला नाहीत?"

"घेतला की." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पंप काढला. नवा होता, हिरव्या टोपणाचा. "ह्यो."

"हा कुठून आला?"

"सुरेखानं दिला, काल." ते पोत्याची धूळ झटकत म्हणाले. "अगं, तुमची ती मोठी मॅडम आलती न्हवं ग्रामपंचायतीत? मी मागं बसलो हुतो. म्हनली, आक्खं खोरं साफ झालंय, येकच कुनीतरी मागं ऱ्हायलंय, त्याच्यापायी समद्यांचं अडलंय. म्हनलं, ह्यो तर मीच."

"तुम्हाला कसं माहीत की पंपाचा फवारा वर दिसतो?"

आबांनी पंप उगीचच हातात फिरवला.

"गेल्या साली सुरेखा ह्योच पंप घिऊन आलती," ते म्हणाले. "म्हनली, आबा, तुमचा जुना पंप चांगला न्हाई हवंला. वर तुमच्या लेकीच्या यंत्रात सुदिक दिसतो. मी म्हनलं, दिसतो? ती म्हनली, व्हय. मी म्हनलं, मग जुनाच ऱ्हाऊ दे."

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं.

"तिला सांगितलं, मला भुकटीचा मिळालाय, तू लिवून टाक. आन् मेडिकलवाल्याकडं जुनं जेवडं हुतं तेवडं समदं आनून ठिवलं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दिसत हुतो न्हवं तुला?"

"रोज," मी म्हटलं.

"सोमवारचा दिसत नसन."

"सोमवारी सुट्टी असते."

"ध्यानात हाय म्हनायचं."

वर्षभर मी समजत होते की मी चोरून त्यांच्याकडे बघतेय. आणि ते रोज सकाळी गिरणी उघडून मला सांगत होते, आहे गं मी. दोघांनी एक फोन केला असता तर भागलं असतं. पण आम्ही देवकर. आम्ही त्यासाठी अख्खं आकाश वापरलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मग बदललात कशाला?"

"तुजं काम अडलं हुतं गं. आक्खं खोरं येकीकडं आन् हिंदुराव देवकर येकीकडं, बरं दिसतं का? मनात आलं, आता तिकडं टाळ्या वाजत्याल, लेकीचं नाव हुईल."

"वाजल्या टाळ्या." मी मूठ उघडून पेढ्याचा लगदा दाखवला. "मला नको होतं ते शून्य, आबा. मला वाटलं तुम्ही गेलात."

आबांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांचा पिठानं भरलेला हात माझ्या डोक्यावर आला आणि तसाच राहिला.

"येडी हायस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "खरं हाय. आता कळायचं कसं तुला?"

मी विचार केला. कंगव्याला नवे दात बसवता आले असते. मॅडमना सांगून पाहता आलं असतं. पण त्यांना दुसरं काम नाही का?

"विचारीन," मी म्हटलं.

"काय?"

"कसे आहात म्हणून."

"मग इचार की."

आमच्या यंत्राला हवेतला एकेक रेणू वेगळा ओळखता येतो. त्यानं मला वर्षभर सांगितलं की माझे वडील आहेत. कसे आहेत, ते त्याला कधीच सांगता आलं नव्हतं. मी डोळे पुसले.

"कसे आहात, आबा?"

मला वाटलं, त्यांचं ठरलेलं उत्तर येणार, मला काय धाड भरलीय. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, तोंड पुसलं. पिठाखालचा चेहरा मी तीन वर्षांनी पाहत होते. तो माझ्या आठवणीतल्यापेक्षा खूप लहान झाला होता.

"बरं न्हाई गं," ते म्हणाले. "बस जरा. सांगतो समदं."

बाहेर बायका कुरकुरत होत्या. मी गव्हाच्या पोत्यावर बसले.